उत्तर बरोबर, रीत फरारी

इयत्ता सहावी ते आठवीच्या दरम्यान मनुष्यप्राण्याची वाचा जितकी सुटते, तितकी ती पुढे केवळ वकिली पत्करली तरच सुटत असावी. आपण काल रात्री उशिरापर्यंत बाहेर का होतो, धाकट्या भावाच्या पाठीवर उमटलेली पाच बोटे त्याची स्वतःचीच कशी असू शकतात, आणि समोरच्या बिऱ्हाडाच्या खिडकीची काच चेंडूने न फुटता उन्हाने कशी तडकली, या गोष्टी बारा-तेरा वर्षांचा मुलगा ज्या सुसंगतीने आणि ज्या अविचल मुद्रेने मांडतो, ते ऐकून उच्च न्यायालयातल्या नामांकित विधिज्ञांनीही आपली सनद परत करावी. परंतु याच मुलापुढे गणिताची वही ठेवून, "हे उत्तर कसं आलं, ते जरा सांग," एवढेच विचारले, की वाग्देवीचा हा वरदपुत्र एकाएकी मौनव्रत धारण करतो, छताकडे पाहतो, पेन्सिलीचे टोक चावतो, आणि बऱ्याच अवकाशानंतर "आलं" असा एकशब्दी निवाडा देऊन मोकळा होतो.

विद्वानांनी या वाचाघाताकडे दुर्लक्ष केले आहे, असे मात्र नाही. अमेरिकेतील गणितशिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने १९८९ साली जी मानके प्रसिद्ध केली, त्यांत गणित हे परस्परांना सांगण्याचे साधन आहे, ही गोष्ट स्वतंत्रपणे नमूद केलेली होती. आणि आपल्याकडील २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही, मुलांना गणित ही आपसात बोलण्याची आणि चर्चा करण्याची वस्तू वाटावी, अशी अपेक्षा व्यक्त केली. आता तर 'गणितीय संप्रेषण कौशल्य' या भारदस्त नावाने हा विषय प्रशिक्षणवर्गांतून शिक्षकांच्या माथी मारला जातो. या विषयावरचे एक टिपण माझ्या वाचनात आले होते. त्याचे पहिले वाक्य अकरा ओळींचे असून ते संपेपर्यंत कर्ता, कर्म आणि क्रियापद यांची पुन्हा गाठ पडल्याचे मला आढळले नाही. आपले म्हणणे दुसऱ्यास सुबोधपणे कसे सांगावे, हा त्या टिपणाचा विषय होता.

आमच्या शेजारी गणिताच्या एक बाई राहतात. सहामाही परीक्षा आटोपली, की त्यांच्या ओसरीवर वह्यांचे गठ्ठे येऊन पडतात, आणि बाई लाल शाई घेऊन बसल्या असता शेजारधर्म म्हणून मीही त्या दप्तराची थोडीफार तपासणी करतो. त्या अवलोकनातून माझी अशी खात्री पटली आहे की, रीत लिहिण्याच्या बाबतीत महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांचे तीन संप्रदाय आहेत, आणि त्यांच्यात वारकरी व शाक्त यांच्याइतके अंतर आहे.

पहिला संप्रदाय मौनी लोकांचा. एका दुकानदाराने ४८० रुपयांस घड्याळ घेऊन ५५२ रुपयांस विकले, तर त्यास शेकडा नफा किती झाला, या प्रश्नाखाली एका वहीत मला केवळ '१५' एवढा आकडा दिसला. पंधरा रुपये, पंधरा घड्याळे, की पंधरावा दुकानदार, याविषयी लेखकाने वाचकास पूर्ण स्वातंत्र्य दिले होते. मात्र पान तिरपे धरून उजेडात पाहिले असता, उजव्या समासात ५५२ मधून ४८० वजा केल्याच्या, त्या ७२ ला शंभराने गुणल्याच्या आणि गुणाकारास पुन्हा ४८० ने भागल्याच्या फिकट खुणा दिसत होत्या; त्या खोडरबराने पुसलेल्या होत्या आणि पुसूनही धीर न झाल्यामुळे त्यांवर दोन आडव्या रेघाही मारलेल्या होत्या. वर 'कच्चे काम' असे लिहिलेले होते. म्हणजे जी काही बुद्धी चालली ती कच्ची, लज्जास्पद आणि काट मारण्यास योग्य. आणि बुद्धी चालून संपल्यावर जे उरले ते तेवढे पक्के! गुन्हा सिद्ध होऊ नये म्हणून आरोपीने पुरावा नष्ट करावा, हे मी समजू शकतो. पण आपले निर्दोषत्वच पुसून टाकणारा आरोपी केवळ गणिताच्या वहीत सापडतो.

या संप्रदायाला मोठमोठ्या पुरुषांचा आधार आहे, ही खरी अडचण आहे. बाळ गंगाधर टिळकांना शाळेत गुरुजींनी, "गणित कुठे सोडवलंस?" असे विचारले असता त्यांनी आपल्या मस्तकाकडे बोट दाखविले, ही आख्यायिका महाराष्ट्रातील प्रत्येक मुलास शेंगांच्या टरफलांइतकीच पाठ असते. त्याच टिळकांनी पुढे केरूनाना छत्र्यांसारख्या गुरूपाशी गणिताचे अध्ययन केले आणि पुढील आयुष्यात आपले म्हणणे शेकडो अग्रलेखांतून मुद्देसूद मांडले, हा उत्तरार्ध कोणी पाठ करीत नाही. टिळक कमी पडले तर रामानुजन असतातच. १९१३ च्या जानेवारीत त्यांनी मद्रासहून इंग्रज गणिती हार्डींना जे पत्र धाडले, त्यात सिद्धान्त ओळीने मांडले होते आणि सिद्धता बहुतेक नव्हत्या, ही गोष्ट आमच्या भाच्याला ठाऊक आहे. हार्डींनी उलटटपाली सिद्धतांचा तगादा लावला, ही त्याला ठाऊक नाही. शिवाय रामानुजन यांची उत्तरे बहुशः बरोबर असत, या किरकोळ तपशिलाकडेही त्याचे लक्ष वेधण्यात मला अद्याप यश आलेले नाही.

दुसरा संप्रदाय बखरकारांचा. यात मुलींचा भरणा अधिक. "प्रथम मी प्रश्न वाचला. मग परत वाचला. मला वाटले तोटा असेल, पण दुकानदाराला जास्त पैसे मिळाले म्हणून नफा आहे असे समजले," अशा संथ गतीने ही बखर सुरू होते, मध्ये भागाकार चुकल्याचा आणि मैत्रिणीस विचारल्याचा प्रांजळ उल्लेख येतो, आणि दुकानदार नफ्याच्या उंबरठ्यावर उभा असतानाच पान संपते. बाईंनी अशा एका वहीवर 'अनावश्यक मजकूर' असा शेरा मारलेला मी पाहिला. माझ्या अल्प मतीप्रमाणे त्या गठ्ठ्यात एवढे एकच पान असे होते की ज्यावरून त्या मुलीच्या डोक्यात काय घडले याचा पत्ता लागत होता. परंतु परीक्षेत गुण उत्तराला असतात, इतिहासाला नसतात. त्यामुळे आठवीपर्यंत हे बखरकार एकेक करून मौनी संप्रदायाची दीक्षा घेतात.

तिसरा संप्रदाय मांत्रिकांचा, आणि त्याचे पीठ भूमितीत आहे. दोन त्रिकोण एकरूप असल्याचे दाखविण्यासाठी पाठ्यपुस्तकाने बाबाबा, बाकोबा, कोबाको अशा कसोट्या दिल्या आहेत. बाजू-कोन-बाजू हे त्यांपैकी एकीचे विस्तृत रूप असले, तरी ते स्मरणात ठेवण्याची तसदी मांत्रिक घेत नाही; तो ओळीच्या शेवटी कंसात 'बाकोबा' असे लिहितो आणि त्रिकोण आपोआप एकरूप होण्याची वाट पाहतो. बाईंनी एकदा एका मांत्रिकास घरीच बोलावून विचारले, "कुठल्या दोन बाजू? आणि कोन कोणता?" त्याने अत्यंत सौजन्याने आकृतीकडे बोट दाखवून सांगितले, "दिसतंय की, बाई." यावर बाई संतापल्या, पण परंपरा मुलाच्या बाजूची होती. भास्कराचार्यांनी काटकोन त्रिकोणाच्या प्रसिद्ध प्रमेयाची आकृती काढून खाली 'पाहा' एवढाच शब्द लिहिला, अशी आख्यायिका आहेच. आचार्यांना जे चालले ते आठवी 'ब'ला का चालू नये, याचे उत्तर बाईंपाशी नव्हते.

तिन्ही संप्रदायांस समान असे एक दैवत आहे. ते म्हणजे बरोबरचे चिन्ह. रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्श वैद्याला 'हे त्याच्याशी समान आहे' असे पुनःपुन्हा लिहिण्याचा कंटाळा आला, आणि जगात दोन समांतर रेघांहून अधिक सारख्या वस्तू असू शकत नाहीत, असा विचार करून त्याने १५५७ साली हे चिन्ह आपल्या ग्रंथात योजिले. पुढच्याच वर्षी तो लंडनच्या तुरुंगात वारला; त्याच्या चिन्हाची आमच्या शाळांत झालेली वहिवाट पाहण्याचा प्रसंग त्याच्यावर आला नाही, हीच काय ती त्यात समाधानाची बाजू. बारा आणि आठ मिळवा, बेरजेस तिनाने गुणा आणि दहा वजा करा, असे सांगितले असता वहीत जे अवतरते ते असे: १२ + ८ = २० × ३ = ६० − १० = ५०. उत्तर अचूक, हिशेब चोख; परंतु रेकॉर्डच्या कायद्याप्रमाणे वाचले तर बारा आणि आठ मिळून पन्नास होतात, असे त्या मुलाने स्वहस्ताक्षरात लिहून दिलेले असते. त्याच्या लेखी त्या दोन रेघांचा अर्थ 'मग पुढे काय झाले' एवढाच असतो. असल्या दस्तऐवजावर कर्ज देणारी पतपेढी किती दिवस टिकेल, हे सांगण्यास त्रैराशिकाची गरज नाही.

हा दोष एकट्या आपल्या मुलांचा आहे, असे समजून कोणी कष्टी होऊ नये. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत तेरा वर्षांच्या मुलांना राष्ट्रीय चाचणीत विचारले होते की, एका बसमध्ये ३६ शिपाई बसतात, तर ११२८ शिपायांना न्यायला किती बसगाड्या लागतील? सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बिनचूक केला. त्यानंतर ३२ बसगाड्या असे उत्तर देणारी मुले चौथाईहूनही कमी निघाली. आणि सुमारे २९ टक्के मुलांनी '३१, बाकी १२' असे लिहून अमेरिकन सैन्यातील बारा शिपायांना भर रस्त्यात उभे केले. त्यांना भागाकार येत नव्हता, असे कोण म्हणेल? त्यांना बस येत नव्हती. आकड्यांशी त्यांचे बोलणे झाले होते. ज्याला बसगाड्या मागवायच्या होत्या, त्या बिचाऱ्या अधिकाऱ्याशी बोलावे, हे त्यांच्या गावीही नव्हते.

लेखी जबाबाची ही कथा, तर तोंडी जबाबाची तऱ्हा आणखी निराळी. सेमी-इंग्रजीच्या कृपेने गणित इंग्रजीतून, खुलासा मराठीतून आणि गोंधळ दोन्हींतून चालतो. 'तीन क्ष अधिक पाच बरोबर वीस' हे समीकरण फळ्यावर सोडविणाऱ्या एका विद्यार्थ्याचा जबाब मी स्वतः ऐकलेला आहे.

"फाइव्ह पलीकडे गेला, सर. मायनस झाला. फिफ्टीन राहिले. मग थ्री पण पलीकडे गेला. खाली गेला. क्ष बरोबर फाइव्ह."

"तीन खाली का गेला?"

"तो मल्टिप्लायमध्ये होता ना, सर."

"मग पाच का खाली गेला नाही?"

येथे दीर्घ विराम पडला. वर्गातील पंखा तेवढा बोलत होता. अखेरीस उत्तर आले, "तो आधीच मायनस होऊन गेला होता, सर."

दोन्ही बाजूंतून सारखीच संख्या वजा केली, किंवा दोन्ही बाजूंस सारख्याच संख्येने भागले, तर समानता अबाधित राहते, ही मूळ गोष्ट या जबाबात कोठेही नाही. आहे तो केवळ प्रवासवृत्तान्त. बाजू बदलली की चिन्ह बदलते, एवढे तत्त्व मात्र महाराष्ट्रातील मुलांच्या मनावर पक्के बिंबलेले असते, आणि त्याबद्दल गणिताच्या पुस्तकापेक्षा वर्तमानपत्रांचे आभार मानणे अधिक न्याय्य होईल.

इतके पाहिल्यावर, या मुलांना कारणे देता येत नाहीत, असा निष्कर्ष काढण्याचा मोह कोणासही होईल. तो आवरण्यासाठी त्याच दिवशी संध्याकाळी इमारतीच्या कट्ट्यावर जाऊन बसावे. फळ्यापाशी वाचा बसलेला तोच कुमार हातात मोबाइल धरून सामन्याची स्थिती आपल्या मित्रास समजावून देत असतो.

"चोवीस बॉल, अडतीस रन. म्हणजे ओव्हरला साडेनऊ."

"होतील की."

"होतील कसे? पुढची ओव्हर त्यांच्या मेन बोलरची. समज, त्याने पाचच दिले. मग उरले तेहतीस, ओव्हर तीन. रेट अकरावर गेला!"

"आणि पंधरा निघाले तर?"

"तर तेवीस, तीन ओव्हरला. आठच्याही खाली. म्हणून सांगतो, सगळी मॅच ह्या एका ओव्हरवर आहे."

या संभाषणात गृहीतक आहे, प्रतिपक्षाने केलेला आक्षेप आहे, त्या आक्षेपाचा साधार परिहार आहे, आणि 'म्हणून' या शब्दाने सुरू होणारा सिद्धान्तही आहे. प्राचीन नैयायिकांनी पंचावयवी वाक्याचा एवढा आग्रह धरला, त्यांना या कट्ट्यावर बसविले असते तर त्यांनी आनंदाने सिगरेटच्या थोटकांकडे दुर्लक्ष केले असते. मग वर्गात हीच वाणी जाते कोठे?

माझ्या मते याचे कारण बुद्धीत नाही, भाषेतही नाही. ते ऐकणाऱ्यात आहे. कट्ट्यावरच्या मित्राला पुढे काय होणार हे ठाऊक नसते, त्याला ते जाणून घ्यायचे असते, आणि पटले नाही तर तो भांडतो. वर्गात विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असते. ते पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर उत्तरसूचीत छापलेले असते. आणि हे त्याला ठाऊक आहे, हे मुलालाही ठाऊक असते. ज्याने काशी पाहिली आहे त्याला काशीचा रस्ता सांगण्याचा उत्साह कोणास येईल? अशा ठिकाणी रीत ही सांगण्याची गोष्ट न राहता भरण्याची बाब होते. आणि सारा भरण्याच्या बाबतीत मनुष्याची वृत्ती शक्य तितका कमी भरण्याची असते, हे मोगल काळापासून सिद्ध आहे.

या दुखण्याची मुळे फार जुनी आहेत. ११५० साली भास्कराचार्यांनी 'लीलावती' रचिली, तीत भुंगे आहेत, हंस आहेत, मोराने धरलेला साप आहे. प्रश्न विचारताना 'बाले', 'सखे' अशी गोड संबोधने आहेत आणि 'मला सांग' असा आर्जवी आग्रह आहे. आमच्या पुस्तकातील 'एका दुकानदाराने' या कोरड्या सुरुवातीपुढे तो काय थाट! परंतु सगळा ग्रंथ चाळला, तरी विचारलेल्या प्रश्नावर लीलावती काय म्हणाली, याची नोंद आढळत नाही. आचार्यच प्रश्न घालतात, आचार्यच रीत देतात, आणि उत्तरही आचार्यच सांगून टाकतात. त्यांचा नातू चांगदेव याने या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावाजवळ पाटण येथे मठाची व्यवस्था केली, आणि तेथील १२०७ सालचा शिलालेख आजही वाचता येतो. म्हणजे गुरूंचे म्हणणे दगडावर कोरून आठशे वर्षे टिकले आणि शिष्येचे म्हणणे एक दिवसही कोणी टिपून ठेवले नाही. पुढे पंतोजींच्या शाळेत पाढे, पावकी, निमकी, दिडकी आणि औटकी यांचा एवढा गजर होई की तो गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाई; पण त्या गजरात बोलणे पुष्कळ असून सांगणे काहीच नव्हते.

आणि वडीलधाऱ्यांचा कित्ता तरी काय आहे? आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत जमाखर्चाचा तक्ता मांडला जातो, 'इतर किरकोळ' या सदरात प्रमुख सदरांहून मोठी रक्कम असते, चिटणीस "कोणाला काही शंका?" असे विचारतात, चहा येतो, आणि हिशेब एकमताने कायम होतो. रीत कोणी विचारली तर तो भांडखोर ठरतो. ज्या समाजात रीत विचारणे हा अविश्वासाचा ठराव समजला जातो, तेथे ती दाखविणे ही बारा वर्षांच्या मुलाला मानहानी वाटली, तर नवल नाही.

ऐकणारा बदलला, की काय घडते, याचा दाखला बाईंच्याच घरात मिळाला. त्यांची कन्या सातवीत आहे आणि ती कट्टर मौनी आहे. तिच्या वहीत सरळव्याजाच्या एका उदाहरणाखाली '८७५' एवढेच लिहिलेले मी पाहिले होते. तिच्या आजीने पन्नास हजारांची मुदत ठेव सात टक्क्यांनी ठेवली होती आणि तीन महिन्यांनी बँकेने ८७५ रुपये जमा केले, ते पाहून आजीला बँकेचा संशय आला. तेव्हा ही मौनी कन्या आजीजवळ मांडी घालून बसली. "हे बघ आजी, शंभराला सात, म्हणजे हजाराला सत्तर. तुझे हजार किती? पन्नास. पन्नास वेळा सत्तर म्हणजे साडेतीन हजार. पण ते झाले वर्षाचे. बँक देते तीन-तीन महिन्यांनी, म्हणजे वर्षात चारदा. म्हणून साडेतीन हजारांचा पाव…"

"ती पावकी मला नको शिकवूस," आजी म्हणाली. १९५७ साली दशमान नाणी येऊन सोळा आण्यांचा रुपया निकालात निघाला, त्याआधीच तिची पावकी पाठ झालेली होती. "आठशे पंचाहत्तर. बरोबर आहे. पण टक्का वर्षाचाच असतो, हे मला आधी का नाही कोणी सांगितलं?"

नात विचारात पडली. टक्का वर्षाचा असतो, हे प्रश्नात लिहिलेले असते म्हणून तिनेही ते कधी कोणाला सांगितले नव्हते. आजीने विचारले म्हणून ते तिला स्वतःला प्रथमच नीट दिसले. ही किमया कोणत्याही प्रशिक्षणवर्गास साधलेली नाही. ती एका शंकेखोर आणि खरोखर न समजलेल्या म्हातारीने, एक पैचेही मानधन न घेता साधली.

यास्तव शिक्षण खात्याच्या विचारार्थ माझी नम्र दरखास्त अशी आहे की, प्रत्येक माध्यमिक शाळेत 'अजाण' या हुद्द्यावर एका इसमाची नेमणूक व्हावी. त्यास गणित येत असता कामा नये, उत्तरसूची त्याच्या नजरेस पडू नये आणि लाल शाई बाळगण्याची त्यास सक्त मनाई असावी. मुलांनी आपली उदाहरणे त्यास समजावून द्यावीत, आणि त्याने "म्हणजे कसं?", "हे कुठून आलं?" व "मला नाही पटलं" या तीन वाक्यांखेरीज काही बोलू नये. उमेदवारांची टंचाई पडेल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही; साहित्यिक, विधिमंडळाचे सदस्य आणि गृहनिर्माण संस्थांचे सभासद यांतूनच ही पदे सहज भरून निघतील. मात्र एक अट अवश्य घालावी. ही नोकरी कायम असू नये. मुले नीट सांगू लागली, की या इसमास गणित कळू लागणार, आणि कळू लागले की तो त्या हुद्द्यास नालायक ठरणार. तेव्हा ज्या शाळेतील अजाण सर्वांत लवकर बडतर्फ होईल, ती शाळा जिल्ह्यात अव्वल समजावी, आणि बडतर्फीच्या हुकुमात कारणादाखल एवढाच शेरा असावा: 'इसमास समजले.'